माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरमधल्या फाइली बाहेर कशा काढायच्या

मावशीच्या घरी सांगलीला माळा आवरायला काढला, तेव्हा जुन्या चादरीत गुंडाळलेला एक सीपीयू निघाला. २००६ साली घेतलेला, कित्येक वर्षं बंद. भंगारवाला योगायोगाने गल्लीतच होता. मावशी म्हणाली, "देऊन टाक रे, चालत तर नाही तो." मी म्हटलं, "मावशी, डबा चालत नाही. आतली हार्ड डिस्क चालत असेल की!" काकांनी निवृत्तीनंतर आपल्या गावाच्या आठवणी टाइप करायला घेतल्या होत्या, त्या याच मशीनवर. काका आता नाहीत. त्या आठवणींची एकही छापील प्रत घरात नव्हती.

फाइली निघाल्या. कशा निघाल्या ते इथे सविस्तर लिहितो. यापूर्वी कधी सीपीयू उघडला नसेल, त्यांनाही जमेल असं हे काम आहे.

आधी एक समजून घ्या. कॉम्प्युटर बंद पडला म्हणजे फाइली गेल्या असं नसतं. बहुतेक वेळा एसएमपीएस (आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) जळलेला असतो, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले असतात, रॅम हललेली असते किंवा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल उतरून मशीन सुरुवातीलाच अडकून बसलेलं असतं. फाइली यांतल्या कशातच नसतात. त्या फक्त हार्ड डिस्कवर असतात, आणि डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते.

आणि एक नियम, जो शेवटपर्यंत पाळायचा: जुन्या डिस्कवर नवीन काहीही लिहायचं नाही. फाइल डिलीट झाली किंवा डिस्क घाईने फॉरमॅट झाली, तरी मजकूर बराच काळ तिथेच असतो, फक्त त्याची नोंद पुसलेली असते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मात्र तो कायमचा जातो. हे मी २०११ मध्ये किंमत मोजून शिकलो. माझा कॉम्प्युटर एका दुकानात दुरुस्तीला दिला होता. त्यांनी न विचारता फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकलं आणि वर गाणीही भरून दिली. कॉलेजच्या तीन वर्षांचे फोटो त्या गाण्यांखाली गेले. म्हणून दुरुस्तीला मशीन देताना "डेटा हवा आहे, फॉरमॅट मारू नका" हे तोंडी सांगून थांबू नका, पावतीवर लिहून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे डिस्क काढून घेऊन मगच मशीन द्या.

जुनं मशीन सुरू करून बघू नका

मोह होतो, मलाही झाला. पण वर्षानुवर्षं बंद असलेला एसएमपीएस पहिल्याच झटक्यात जाऊ शकतो आणि जाताना डिस्कलाही घेऊन जाऊ शकतो. शिवाय विंडोज सुरू होताना आपणहून डिस्कवर बरंच काही लिहीत असतं. म्हणून थेट डिस्क काढा.

सीपीयूची मागची वायर आधी काढा. मग पुढचं पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट निघून जातो. डब्याची बाजूची पत्र्याची झाकणं मागच्या दोन-दोन स्क्रूंवर असतात, ती मागे सरकवली की निघतात. आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. धूळ फुंकू नका, कोरड्या ब्रशने झाडा.

पुढच्या बाजूला खालच्या कप्प्यात साधारण जाड पुस्तकाएवढी धातूची वडी दिसेल. तीच हार्ड डिस्क. तिच्या मागचे दोन जोड बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एक रुंद चपटी पट्टी आणि शेजारी पिवळी, लाल आणि दोन काळ्या वायरींचा पांढरा जाड प्लग असेल, तर ती आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची डिस्क. तिला चाळीस पिना असतात. एक बारीक वायर आणि एक चपटा काळा प्लग, दोन्हींना आत इंग्रजी एल अक्षरासारखी खाच, असं असेल तर साटा, म्हणजे त्यानंतरच्या पद्धतीची. साधारण २००५ च्या आसपासच्या मशीनमध्ये दोन्हींपैकी काहीही निघू शकतं, म्हणून जोडायचं साधन आणायला बाजारात जाण्याआधी डिस्क डोळ्यांनी बघायचीच. प्लग ओढताना वायर धरून ओढू नका, प्लग धरून सरळ मागे घ्या. आयडीईच्या पिना वाकल्या तर सरळ करताना तुटू शकतात.

लॅपटॉपची डिस्क लहान, पत्त्यांच्या कॅटएवढी असते. जुन्या लॅपटॉपमध्ये खालचं झाकण दोन-तीन स्क्रू काढले की ती समोर येते. आधी बॅटरी काढायला विसरू नका.

मशीन पुरात किंवा पावसात भिजलेलं असेल तर मात्र इथेच थांबा. सांगली-कोल्हापुरात २०१९ च्या पुरानंतर अनेक घरांत हेच झालं. भिजलेली डिस्क उन्हात वाळवू नका, हेअर ड्रायर लावू नका, वाळल्यासारखी वाटली म्हणून जोडूही नका. पाण्यातला गाळ आत सुकून बसतो आणि पहिल्या फेऱ्यातच आतली फिरती तबकडी, जिच्यावर फाइली असतात, ती खरवडतो. ती आहे तशी, ओलीच, बंद पिशवीत घालून डेटा रिकव्हरीवाल्यांकडे न्या.

काय विकत आणायचं

एक यूएसबी कन्व्हर्टर, म्हणजे जुनी डिस्क नव्या कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडणारं साधन. साटा आणि आयडीई दोन्ही चालणारा, स्वतःचा पॉवर अडॅप्टर असलेला घ्या. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून मिळतात फक्त ५. नुसत्या केबलवाला स्वस्त कन्व्हर्टर आणला तर मोठी डिस्क फिरणारच नाही आणि तुम्हाला वाटेल डिस्क मेली. लॅपटॉपच्या लहान डिस्कला यूएसबीचा करंट पुरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सहज मिळतं, ऑनलाइनही मिळतं. आयडीईचा कन्व्हर्टर हल्ली प्रत्येक दुकानात नसतो, तेव्हा आधी फोन करून विचारा.

दुसरी वस्तू म्हणजे फाइली ठेवायला वेगळी रिकामी जागा: एक्स्टर्नल डिस्क किंवा नव्या कॉम्प्युटरमधली मोकळी जागा. पेन ड्राइव्ह वापरणार असाल तर तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला नसावा, कारण त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथेच अडतो.

आयडीई डिस्कच्या मागे पिनांवर बसवलेला एक इवलासा प्लास्टिकचा तुकडा असतो, त्याला जंपर म्हणतात. कन्व्हर्टरला जोडताना तो 'मास्टर' या जागी हवा. कुठली जागा कशाची, याची आकृती डिस्कवरच्या लेबलवर छापलेली असते.

जोडताना कान उघडे ठेवा

डिस्क टेबलावर जाड पुठ्ठ्यावर सपाट ठेवा. आधी दोन्ही प्लग लावा, मग पॉवर सुरू करा, मग यूएसबी जोडा. फिरत असताना तिला उचलायचं नाही, वाकडं करायचं नाही.

आता ऐका. चांगली डिस्क एक हलका घूं आवाज करत वेग घेते, दोन-चार बारीक खुडखुड करते आणि एका लयीत फिरत राहते. मावशीची डिस्क फिरायला लागली तेव्हा तो आवाज ऐकून मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "हाच आवाज यायचा, हे लिहायला बसले की," म्हणाली.

ठराविक अंतराने टक्, टक्, टक् असा आवाज येत असेल किंवा धातू घासल्यासारखं कर्रकर्र ऐकू येत असेल, तर त्याच क्षणी पॉवर काढा. आतलं वाचणारं हेड निकामी झालेलं असतं आणि प्रत्येक जास्तीचा सेकंद तबकडीवर ओरखडे काढत असतो. अशी डिस्क फ्रीजमध्ये ठेवणं, टपली मारणं, झाकण उघडून बघणं हे उपाय लोक सांगतात. यांतलं एकही करू नका. ते हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. आपल्याला न दिसणारा धुळीचा कणही त्याच्यापुढे धोंडा असतो.

विंडोज जे विचारेल त्याला 'नाही' म्हणा

डिस्क जोडल्यावर विंडोज काही प्रश्न विचारू शकतं. 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' असं म्हणालं तर कॅन्सल. 'डिस्क इनिशियलाइझ करायची का' म्हणालं तर कॅन्सल. 'डिस्कमध्ये दोष आहे, तपासून दुरुस्त करू का' हा प्रश्न सगळ्यांत साळसूद दिसतो, त्यालाही नाहीच म्हणा. दुरुस्ती करताना विंडोज डिस्कवर लिहितं आणि कमकुवत डिस्कवर ती दुरुस्ती उरलंसुरलं विस्कटून टाकू शकते. दुरुस्ती करायचीच असेल तर सगळं कॉपी झाल्यावर.

लगेच क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर टाकून डिस्कची तब्येत बघा. निळं 'गुड' आलं तर निवांत पुढे जा. पिवळं 'कॉशन' आलं, तर डिस्कवर वाचता न येणाऱ्या जागा तयार झाल्या आहेत असं समजा आणि सगळ्यांत मोलाच्या फाइली सगळ्यांत आधी उचला. काही कन्व्हर्टर ही माहिती पुढे जाऊ देत नाहीत, तेव्हा काही दिसलं नाही तर घाबरू नका.

डिस्क फिरते आहे पण 'धिस पीसी'मध्ये दिसत नसेल, तर स्टार्ट बटणावर उजवं क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे ती असेल आणि तिला फक्त अक्षर मिळालेलं नसेल, तर उजव्या क्लिकने अक्षर देता येतं. जुनी डिस्क अॅपलच्या कॉम्प्युटरची असेल तर विंडोजला ती आपणहून वाचता येत नाही. तिथे दुसरा मॅक किंवा लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) लागेल.

फाइली कुठे असतात

विंडोज एक्सपीच्या डिस्कवर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरात माणसांच्या नावाचे फोल्डर असतात. व्हिस्टा, विंडोज ७ आणि त्यापुढच्यांत ते 'यूजर्स'मध्ये असतात. या नव्या डिस्कवरही 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' नावाचं काहीतरी दिसतं आणि उघडायला गेलं की परवानगी नाही म्हणतं. तो फोल्डर नाहीच, नुसती पाटी आहे. सरळ 'यूजर्स'मध्ये जा.

जुना पासवर्ड कुणाला आठवत नाही म्हणून लोक हताश होतात. पण लॉगिनचा पासवर्ड फक्त ते विंडोज सुरू करण्यापुरता असतो, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडलेली डिस्क वाचायला तो लागत नाही. फार तर 'तुम्हाला परवानगी नाही' असा निरोप येतो, तिथे 'कंटिन्यू' दाबायचं. हे करताना विंडोज जुन्या डिस्कवर परवानग्या बदलतं, म्हणजे थोडं लिहितंच. डिस्क निरोगी असेल तर हरकत नाही. कुरकुरत असेल तर पुढे सांगितलेला लिनक्सचा मार्ग घ्या.

विंडोज १० किंवा ११ च्या लॅपटॉपची डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद असू शकते. तिला ४८ आकडी रिकव्हरी की लागते. त्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं खातं वापरलं असेल तर बहुधा त्या खात्यात ती जपलेली सापडते. ती नसेल तर मागच्या दाराने कुणीही ती डिस्क उघडून देऊ शकत नाही. 'देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आता नेमकं काय उचलायचं? माझं ठाम मत: निवडत बसू नका. त्या काळातली डिस्क ४० किंवा ८० जीबीची असायची, आज तेवढी जागा काहीच नाही. प्रत्येक माणसाच्या नावाचा अख्खा फोल्डर घ्या आणि डी, ई ड्राइव्ह पूर्ण घ्या. आपल्याकडे घरचं खरं सामान डी ड्राइव्हवरच असायचं, कारण सी ड्राइव्ह फॉरमॅट होतो हे सगळ्यांना माहीत होतं. मावशीच्या डी ड्राइव्हवर 'न्यू फोल्डर'च्या आत 'न्यू फोल्डर २' आणि त्याच्या आत काकांची 'गाव' नावाची वर्डची फाइल होती. वरवर बघून मी तो फोल्डर रिकामा समजून सोडला असता.

घरात दुकानाचा हिशेब असेल तर टॅलीचा डेटा फोल्डर विसरू नका. त्यात कंपनीच्या नावाऐवजी नुसत्या आकड्यांचे फोल्डर असतात, म्हणून ते कचरा वाटतात.

मराठी फाइलींसाठी सगळ्यांत महत्त्वाचं: फॉन्ट

एवढं एक वाचलं नाही, तर बाकीच्या कष्टांवर पाणी पडेल. युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखीच दिसणारी अक्षरांची आजची पद्धत) रुळण्याआधी आपण मराठी टाइप करायचो ते श्रीलिपी, कृतिदेव, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएममधल्या सुरेख अशा फॉन्टांत. यांत कॉम्प्युटरच्या लेखी फाइलमध्ये मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. तो फॉन्ट नव्या मशीनवर नसेल, तर पानभर निरर्थक चिन्हं दिसतात आणि फाइल खराब झाली असं वाटून लोक ती डिलीट करतात. काकांची फाइल मी पहिल्यांदा उघडली तेव्हा तेच दिसलं. मावशीचा चेहरा पडला.

फाइल धडधाकट होती. वर्डमध्ये मजकूर सिलेक्ट केला की वरच्या चौकटीत मूळ फॉन्टचं नाव दिसतं, तो फॉन्ट मशीनवर नसला तरी. ते नाव वहीत लिहून घ्या. मग जुन्या डिस्कवरच्या 'विंडोज' फोल्डरातला 'फॉन्ट्स' हा फोल्डर, आत न शिरता, अख्खा कॉपी करून घ्या. त्यातला त्या नावाचा फॉन्ट नव्या मशीनवर इन्स्टॉल केला की मजकूर जसाच्या तसा उभा राहतो. वाचायला नुसता फॉन्ट पुरतो, जुनं टायपिंगचं सॉफ्टवेअर लागत नाही. म्हणून सांगतो, बाकी सगळं हाती लागलं तरी फॉन्ट्सचा फोल्डर घेतल्याशिवाय जुनी डिस्क टाकू नका. तो विशिष्ट फॉन्ट पुढे शोधायला गेलात तर नाकी नऊ येतात.

फाइल नीट दिसली की लगेच तिची पीडीएफ करा, म्हणजे फॉन्ट तिच्या आतच बसतो आणि मोबाइलवरही वाचता येते. मजकूर युनिकोडमध्ये हवा असेल तर इंटरनेटवर त्या-त्या फॉन्टचे कन्व्हर्टर मिळतात. पण रूपांतरानंतर एकदा वाचून काढा. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं इथे घोळ होतो. काकांचा 'पूर्वी' प्रत्येक ठिकाणी मोडला होता. खासगी कागद असतील तर ते अनोळखी संकेतस्थळावर चढवण्याआधी विचार करा. पत्रिका, स्मरणिका अशा पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली असतील तर मोफत मिळणारं लिबरऑफिस त्या बऱ्यापैकी उघडतं.

कॉपी करताना

डिस्क निरोगी असेल तर साधं कॉपी-पेस्ट चालतं. पण एखाद्या फाइलपाशी अडलं की विंडोज सगळंच थांबवून बसतं, म्हणून मी टेराकॉपी हे सॉफ्टवेअर वापरतो. ते अडलेली फाइल बाजूला ठेवून पुढे जातं आणि शेवटी यादी देतं. नेहमी कॉपी करा, कट कधीच करू नका. जुन्या कन्व्हर्टरमधून ८० जीबी यायला तासभर तरी धरा. डिस्क हाताला चटका बसण्याइतकी तापली तर समोर टेबल फॅन लावा.

विंडोजला डिस्क उघडता येत नसेल किंवा ती अडखळत असेल, तर लिनक्स मिंट किंवा उबंटू पेन ड्राइव्हवर टाकून नवा कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा. इन्स्टॉल करायचं नाही, उबंटू विचारेल तिथे 'ट्राय' हा पर्याय निवडायचा. लिनक्स विंडोजच्या परवानग्या जुमानत नाही आणि बरेचदा विंडोजने हात टेकलेली डिस्क शांतपणे उघडून देतं.

डिस्क खरोखर आजारी असेल, पण आवाज ठीक असेल, तर लिनक्समधलं डीडीरेस्क्यू हे साधन वापरतात. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडणाऱ्या जागा सोडून देतं आणि त्यांच्याकडे शेवटी परत येतं. कुठवर आलो याची नोंदही ठेवतं, त्यामुळे मध्येच थांबून दुसऱ्या दिवशी पुढे जाता येतं. मग सगळी शोधाशोध त्या प्रतीवर करायची, मूळ डिस्क बाजूला. यात कुठली डिस्क मूळ आणि कुठली नवी हे उलटं झालं तर सगळं पुसलं जातं, म्हणून नवख्यांनी हे एखाद्या जाणत्याला शेजारी बसवूनच करावं.

डिलीट झालेल्या किंवा फॉरमॅट मारलेल्या डिस्कसाठी फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. ते नव्या कॉम्प्युटरवर टाका आणि सापडलेल्या फाइलीही तिथेच साठवा. फाइलींची मूळ नावं मिळत नाहीत, आकडे येतात, तेव्हा हजारो फोटो डोळ्यांनी बघायची तयारी ठेवा. जुनी मशीन सोडून अलीकडच्या लॅपटॉपची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली नव्या प्रकारची डिस्क) असेल तर डिलीट झालेलं परत मिळण्याची आशा फार थोडी. ती मोकळी झालेली जागा स्वतःच साफ करत असते.

डेटा रिकव्हरीवाल्यांकडे जायची वेळ आली तर तीन गोष्टी आधी विचारा: तपासणीचे पैसे किती, डेटा निघाला नाही तर किती, आणि पैसे भरण्याआधी सापडलेल्या फाइलींची यादी दाखवणार का. त्यांच्याकडे धूळमुक्त खोली आहे का, हेही विचारा. टक् टक् करणारी डिस्क साध्या दुकानाच्या टेबलावर उघडू देऊ नका.

सगळं झाल्यावर

कॉपी झालेल्या फाइली उघडून बघा, नुसती नावं दिसली म्हणून समाधान मानू नका. प्रत्येक फोल्डरातले चार-पाच फोटो, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत. जुन्या मोबाइलचे आणि व्हीसीडीचे व्हिडिओ व्हीएलसी प्लेयरमध्ये चालतात. मग दुसरी प्रत करा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. आमच्याकडे एक सांगलीत आहे, एक ताईकडे नाशिकला.

जुनी डिस्क लगेच टाकू नका. तिच्यावर तारीख आणि 'कॉपी झाली' असं लिहून सहा महिने कपाटात कोरडी ठेवा, कारण राहिलेली फाइल नंतरच आठवते. तिच्यात बँकेचे कागद, पॅन, सह्यांचे स्कॅन असतात, म्हणून टाकण्याआधी विंडोजमधून 'क्विक' खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, आणि मग ती भंगारात न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्या.

काकांची फाइल ८३ पानांची निघाली. मी ती मोठ्या अक्षरांत छापून स्पायरल करून मावशीला नेऊन दिली. ती रोज दुपारी दोन पानं वाचते.